पंचफुलाबाईंच्या गोधडीचा खुला कोपरा

मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. सौंसरजवळच्या बोरगावात पंचफुलाबाईंच्या अंगणात एका गोधडीचा फोटो काढण्यात आला. फोटो चौदावा होता. आधीचे तेरा मोबाईलने नाकारले होते.

पांढुर्णा जिल्हा नवा आहे. नव्या जिल्ह्याला पाटी लगेच मिळते, ओळख मात्र शोधावी लागते. संत्री इथली असली तरी नागपूरच्या नावाने विकली जातात, त्यामुळे तो मार्ग बंद होता. म्हणून घरगुती वारसा नोंदणी कक्षाने घरोघरच्या गोधड्यांचे फोटो घ्यायचं ठरवलं. नियम स्पष्ट होते. फोटो घरीच काढावा, कारण वारसा घरात असतो. उजेड नैसर्गिक असावा. गोधडी पूर्ण दिसावी, कारागीर शेजारी बसलेली दिसावी. घर दिसू नये.

या अटींमुळे बाज बाहेर गेली, कांद्याचं पोतं गोठ्यात गेलं, आणि पंचफुलाबाईंचे पती भिवाजी, वय शहात्तर, शिडीवर चढून पडवीचा पत्रा सोडवू लागले.

"पत्रा काहून काढून राहिलो मी, बाबू?" त्यांनी वरून विचारलं.

"सावली पडून राहिली न जी गोधडीवर," कक्षाचा सर्वेक्षक गजेंद्र म्हणाला. तो कंत्राटावर आहे आणि त्याला दिवसाला वीस गोधड्या कराव्या लागतात.

"मंग गोधडी सरकव. घर कायले सरकवतं?"

"गोधडीच्या जागेचं लोकेशन लागलं बाबाजी. आता ते हालवता येत नाही."

पत्रा निघाला, ऊन पडलं, फोटो मंजूर झाला. फोटोत पंचफुलाबाईंच्या डाव्या पायाचा अंगठा आला आहे. त्याला हरकत घेण्यात आली नाही.

गोधडी लहान आहे, दोन हात लांब. पंचफुलाबाईंची दोन जुनी लुगडी आणि भिवाजींचं एक धोतर, धुऊन धुऊन मऊ झालेलं. दोन दिवस आधी, रविवारी, पांढुर्ण्याला त्यांच्या नातीला, डिंपलला, मुलगी झाली होती. डिंपल बाळंतपणासाठी तिथे आईकडे आलेली आहे. बारसं पुढच्या गुरुवारी. या घरात तान्ह्या लेकराला नवं कापड लावत नाहीत. पहिली गोधडी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं शिवायची, आणि तिचा एक कोपरा चार बोटं उघडा ठेवायचा. लेकराचं तोंड पाहिलं की त्या कोपऱ्यात भाकरीचा घास घालायचा आणि मग टाके घालून तो बंद करायचा. म्हणजे लेकरू जन्मभर उपाशी राहत नाही. डिंपलची गोधडी अशीच बंद झाली होती, डिंपलच्या आईचीही.

"कोपरा राह्यला आहे बाबू," पंचफुलाबाईंनी गजेंद्रला सांगितलं होतं. सुई त्या कोपऱ्यातच टोचलेली होती. "बारशाच्या दिवशी तिकडंच बंद करीन. तवा ये फोटो काढाले."

"तवा माही ड्यूटी मोहगावले आहे, आजी."

फॉर्ममध्ये 'वैशिष्ट्य' नावाचा रकाना होता आणि तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. आधीच्या सहा घरी गजेंद्रने 'काही नाही' असं लिहिलं होतं आणि सहाही फॉर्म परत आले होते. सातव्या, म्हणजे पंचफुलाबाईंच्या घरी त्याने लिहिलं: 'कोपरा खुला ठेवण्याची परंपरा.' फॉर्म स्वीकारला गेला.

शुक्रवारी गजेंद्र प्रमाणपत्र घेऊन आला. ते काचेच्या चौकटीत होतं. त्यावर लिहिलं होतं की सदर गोधडी जिल्ह्याचा नोंदणीकृत वारसा असून, फोटो काढलेल्या ठिकाणाहून ती हलवता येणार नाही आणि फोटोत दिसते त्यापेक्षा वेगळी करता येणार नाही. पहिली पडताळणी गुरुवारी दुपारी बारा ते चार. कारागीर शेजारी बसलेली आवश्यक.

"गुरुवारी तं बारसं आहे," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मी नाई ठरवत न आजी तारीख. मोबाईलच ठरवते."

"अन् लेकराले पांघरू काय? ही काच?"

गजेंद्रने प्रमाणपत्र ठोकायला खिळा मागितला.

सोमवारी दोघं नवराबायको सौंसरला कक्षात गेले. प्रभारी मनोहर साहेबांनी उठून नमस्कार केला, खुर्च्या मागवल्या, चहा मागवला. त्यांच्या मागच्या भिंतीवर गोधडीचा फोटो लागला होता, दाराएवढा. अंगठा बशीएवढा आला होता.

"आजी, तुम्ही जिल्ह्याचं नाव काढलं," साहेब म्हणाले. "अडीच हजार गोधड्यांमध्ये खुला कोपरा फक्त तुमचा. समितीने एकमतानं निवडला. खुला कोपरा म्हणजे मोकळं मन, असं अहवालात आहे."

"तो खुला नाई साहेब. शिवाचा राह्यला आहे."

"तेच तर. शिवायचा ठेवणं, हीच परंपरा."

"परंपरा शिवाची आहे," भिवाजी म्हणाले. "ठेवाची नाई. अर्ध्या सैपाकाले कोनी परंपरा म्हनते काय?"

साहेब रागावले नाहीत. त्यांनी बदलाचा अर्ज काढून दिला. अर्जासोबत बदल झाल्यानंतरच्या गोधडीचा फोटो जोडायचा होता. बदल मात्र अर्ज मंजूर झाल्यानंतरच करता येणार होता.

"मंग फोटो कायचा काढाचा?"

"हा प्रश्न आतापर्यंत कोणी विचारलेला नाही," साहेब म्हणाले आणि त्यांनी तो लिहून घेतला.

दुसरी वाट होती. गोधडी वापरणाऱ्या व्यक्तीची नोंद केली तर ती सात दिवसांसाठी बाहेर नेता येत होती. त्यासाठी वापरणाऱ्या व्यक्तीचं नाव हवं होतं.

"नाव बारशाले ठेवतेत," पंचफुलाबाई म्हणाल्या.

"मग बारसं झालं की या."

"बारशाले गोधडी पाह्यजे, साहेब."

"हो, पण गोधडीला नाव पाहिजे ना." साहेबांना खरोखर वाईट वाटलं. "असं करता का आजी, बाळालाच बोरगावला आणता का?"

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीन उंबरा नाई वलांडत."

"बघा! ही सुद्धा किती छान परंपरा आहे," साहेब म्हणाले. "तिचा फोटो आहे का?"

बुधवारपर्यंत काम पुढे गेलं होतं. मोहगावात पन्नास बायकांचं खुला कोपरा प्रशिक्षण झालं. ज्यांच्या गोधड्या चारही बाजूंनी शिवलेल्या होत्या, त्यांना एक कोपरा उसवून आणायला सांगण्यात आलं. एका बाईने चारही कोपरे उसवले. तिला प्रथम क्रमांक मिळाला. शिवाय फोटो पॉलिस्टरच्या ब्लँकेटवर छापण्यात आला, कोपरा, सुई आणि अंगठ्यासह. त्यातलं पहिलं ब्लँकेट मूळ कारागिरीच्या सन्मानार्थ पंचफुलाबाईंना भेट मिळालं. ते देताना फोटो काढण्यात आला.

गुरुवारी सकाळी साडेनऊच्या बसने भिवाजी एकटे पांढुर्ण्याला गेले. पिशवीत ब्लँकेट होतं आणि फडक्यात भाकरीचा घास. पंचफुलाबाई अंगणात, लोकेशनवर, गोधडीशेजारी बसल्या. पत्रा अजून लावलेला नव्हता.

सव्वाबाराला गजेंद्र मोबाईल रोखून उभा असताना पंचफुलाबाईंच्या मोबाईलवर डिंपलचा व्हिडिओ कॉल आला. पाळण्यात ब्लँकेट पसरलेलं दिसत होतं.

"आजी, आबा म्हनते घास कोपऱ्यात घाल. कोपरा कुठं आहे व?"

"तो काय सुईपाशी."

"इथं तं नुसता छापा आहे माय! बोट जात नाई आतमंदी."

"वरच ठेव मंग."

डिंपलने घास छापलेल्या कोपऱ्यावर ठेवला. लेकराने पाय झाडला. पॉलिस्टर गुळगुळीत असतं. घास घसरून पाळण्याच्या कडेवरून खाली गेला, आणि तिकडे सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या. कोणी म्हणालं अपशकुन, कोणी म्हणालं पोट्टीच्या पायात जोर आहे.

"आजी, जरा गोधडीकडं पाहा," गजेंद्र म्हणाला.

पंचफुलाबाईंनी पाहिलं. फोटो पहिल्याच झटक्यात मंजूर झाला. जुळणी शंभर टक्के.

गजेंद्रने मोबाईल खिशात घातला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "आता तीन महिने माहं येनं नाई, आजी. कोनाले काय समजते? बंद करून टाका कोपरा अन् द्या धाडून."

हे वाक्य दुपारी पाऊण वाजेपर्यंत खरं होतं. तेव्हा कक्षाचा नवा आदेश सर्वांच्या मोबाईलवर आला. गोधडीच्या फोटोला मिळालेला प्रतिसाद पाहता यापुढे पडताळणी लोकसहभागातून होईल. गोधडीवर प्रेम असणाऱ्या कोणालाही दर रविवारी दहा ते पाच या वेळेत घरी येऊन फोटो काढता येईल. येणाऱ्याच्या घरी गोधडी असण्याची अट नाही. कोपरा बंद आढळल्यास मोबाईलवर लाल बटण दाबावं.

गजेंद्रने आदेश वाचून दाखवला आणि तो पत्रा लावायला शिडीवर चढला. अर्धा लावून उतरला. सावली पुन्हा गोधडीवर येत होती.

शुक्रवारी संध्याकाळपर्यंतची स्थिती अशी. मुलीचं नाव ठेवलं गेलं आहे आणि भिवाजींनी ते कागदावर लिहून आणलं आहे. साहेब सोमवारपर्यंत भोपाळला आहेत. तिथे खुल्या कोपऱ्याचं सादरीकरण आहे. पांढुर्ण्यात गारठा वाढला आहे. डिंपलने लेकराला आईच्या जुन्या साडीत गुंडाळलं आहे आणि ब्लँकेट खिडकीला लावलं आहे. फोटो एक्केचाळीस हजार लोकांनी पाहिला. सर्वात जास्त पसंती मिळालेला अभिप्राय असा: 'आजीच्या मायेची ऊब! ही हरवता कामा नये.' तो लिहिणाऱ्याने रविवारसाठी नाव नोंदवलं आहे.

गोधडी बोरगावात आहे. कोपरा खुला आहे. सुई फोटोत होती तिथेच आहे, पण तिच्यात आता हातभर नवा दोरा ओवलेला आहे. तो कधी ओवला गेला, याची नोंद नाही.

रविवारच्या पन्नास जागांपैकी सेहेचाळीस भरल्या आहेत. चार शिल्लक आहेत.