पाठमोरे बाळारामकाका

गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसणारा मासेविक्या मी उभ्या आयुष्यात एकच पाहिला. करावे गावच्या बाजारात अगदी शेवटच्या ओट्यावर टोपलीत ताजी चकचकीत बोय मांडलेली असे, आणि मागे बाळारामकाका भिंतीकडे तोंड करून बसलेले. पहिल्या रविवारी मी त्यांच्या पाठीलाच भाव विचारला.

"मी इकीत नाय," पाठ म्हणाली.

"मग हे मासे कोणाचे?"

"मालकिनीचे हायत. यील ती."

मी मूळचा कोकणातला. माशासाठी ताटकळणं माझ्या अंगवळणी पडलेलं आहे. अर्धा तास थांबलो, मालकीण काही आली नाही. शेवटी शेजारी कोळंबी विकणाऱ्या कमळाबाईंना माझी दया आली. त्यांनी भाव सांगितला, मासे पिशवीत भरून दिले आणि पैसे काकांच्या टोपलीखाली सरकवले. काकांच्या ओट्यावर रोज असाच व्यवहार चाले. कमळाबाईंनी भाव कमी सांगितला की काकांना खोकला येई. फारच कमी सांगितला तर उबळ येई.

"मालकीण येते तरी कधी?" मी हळूच विचारलं.

"हिराबाय? काकांची बायको. दोन वर्सं झाली तिला जाऊन," कमळाबाई म्हणाल्या. "ओटा तिच्या नावावर हाय. आन आमच्यात बापय मावरं इकीत नाय. बापयानी पकडाचं, बायांनी इकाचं."

मी दर रविवारी जाऊ लागलो. मासे चांगले असत हे खरं, पण मला भोचकपणाही उपजतच आहे.

काका कायद्याचे मोठे पक्के. भरती आली की खाडीच्या बांधाखाली गुडघाभर चिखलात उभं राहून ते पाग टाकीत. पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी ओवलेलं, हाताने फेकायचं गोल जाळं. सीवूड्सच्या टॉवरमधली हौशी मंडळी महागडे गळ घेऊन बांधावर येत, त्यांची काका फुकट शिकवणी घेत. "तिवरांची फांदी मोडाची नाय. वीतभरापेक्षा बारकी मासली सोडून द्याची. पकडा, घरी नेऊन खावा. पन सोसायटीत इकली, तर मी सोता तक्रार करीन. इकाला कागद लागते."

एका साहेबांनी बाजू मांडली, की आम्ही विकत नाही, शेजाऱ्यांना देतो आणि ते आम्हाला बिर्याणी देतात. काकांनी जाळं खाली ठेवलं. बराच वेळ खाडीकडे बघत विचार केला आणि निकाल दिला, "बिर्याणी चालंल."

मग एक दिवस बाजारात ओट्यांची तपासणी निघाली. ज्याच्या नावे परवाना, त्याने स्वतः हजर व्हायचं. तो हयात नसेल तर वारसाने महिनाअखेरपर्यंत अर्ज करून ओटा आपल्या नावावर करून घ्यायचा, नाहीतर ओटा रद्द.

"ओटा गेला तर काय कराल, काका?"

"काय करनार? घरात खानारा मी येकला. पाग कोनासाठी टाकू?" ते भिंतीला म्हणाले.

मी महाप्याला एका कंपनीत लोकांचे अर्ज तपासतो. दिवसभर दुसऱ्याच्या चुकांवर लाल पेन चालवणं हाच माझा धंदा. मी म्हटलं, अर्ज मी भरून देतो. काका एका रविवारी म्हणाले, अमावस्या हाय. पुढच्या रविवारी चष्मा हरवला होता. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांना खोकला झाला, आणि त्या दिवशी भाव तर कोणी कमी सांगितला नव्हता. मी चिडलो. "जगाला कायदा शिकवता, आणि स्वतःचा ओटा घालवणार?" भर बाजारात मी म्हाताऱ्या माणसावर ओरडलो. आजही त्याची मला लाज वाटते.

शेवटच्या दिवशी मात्र काका पालिकेच्या कचेरीत आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, अंगाला डांबरगोळ्यांचा वास. बाहेरच्या बाकावर आम्ही अर्ज उघडला. नाव झालं, वय झालं, पत्ता झाला. मग रकाना आला, 'मूळ परवानाधारकाने व्यवसाय बंद केल्याचे कारण'. मी लिहायला पेन टेकवलं, तोच काकांनी माझं मनगट धरलं.

"थांबा सायेब. ह्ये मी सांगतो."

मी पेन उचललं.

"मी पाग टाकाचो, तवा हिरा टोपली घेऊन बांधावर उबी राहाची. मी मावरं दिलं का थेट बाजारात. त्या दिवशी म्हनाली, छातीत भरल्यावानी वाटतंय, लवकर वर या. बोय मस्त गावत व्हती. मी म्हटलं, आनखी येक पाग टाकतो. येकाचे चार झाले." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "वर आयलो, तं ती टोपलीवर डोकं ठिऊन बसलेली. मना वाटलं, रुसली. मी तिच्याशी तसाच बोलत बसलो, मासली किती गावली त्ये सांगत."

समोरच्या खिडकीपाशी कोणीतरी नंबर पुकारला. आमचा नव्हता.

"लिवा सायेब," काका म्हणाले. "कारन, मी उशिरा आयलो."

मी सहजासहजी विरघळणारा माणूस नाही. एका अक्षराच्या चुकीसाठी मी लोकांना दोनदोनदा परत पाठवलेलं आहे. पण त्या बाकावर मला खरोखर रडू आलं. काकांनी सांगितलं ते मी लिहिलं असतं, तर अर्ज परत आला असता आणि ओटा गेला असता. मी रकान्यात 'मृत्यू' एवढंच लिहिलं.

"वाचून दावा," काका म्हणाले.

मी अर्ज डोळ्यांजवळ धरला आणि वाचलं, "कारण, मी उशिरा आयलो."

काकांनी मान हलवली. माझ्या हातातलं पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोडत खाली सही केली.