बहुमताची सहल

मुलांना स्वतःचा विचार करायला शिकवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी शाळेच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून टाकलं. आमच्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी नुसता चष्मा पुसला. त्यांनी चष्मा पुसला की मला आणखी चेव येतो.

आमची शाळा शहरातल्या छावणी भागात. मी तिथं सातवीला मराठी शिकवते. सहल दरवर्षी लेण्यांना जाते. पोरं रांगेत आत जातात, रांगेत बाहेर येतात आणि बसमध्ये चिवडा खातात. यंदा मी जाहीर केलं की सहल कुठं न्यायची ते वर्गच ठरवेल. मला वाटलं, किल्ला म्हणतील, फार तर एखादं धरण. तर राजनंदिनी उठली आणि म्हणाली, करमाड गावी तिच्या आजीची म्हैस व्यायला झालीय, तेच बघायला जाऊ. लेणी कधीही बघता येतील, म्हैस काही आपल्यासाठी थांबणार नाही.

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. सत्यभामाबाईंनी परवानगी दिली, पण जे होईल त्याला रुक्सार मॅडम, म्हणजे मी, जबाबदार, असं दोनदा म्हणून दाखवलं.

करमाडला वच्छलाबाईंनी, म्हणजे राजनंदिनीच्या आजीनं, अंगण झाडून ठेवलं होतं. पोरं गोठ्यासमोर मांडी घालून बसली. म्हैस दुपारपर्यंत मोकळी होईल असं आजी म्हणाल्या होत्या. दुपार झाली, दुपार कलली. म्हैस आमच्याकडं बघत होती, आम्ही म्हशीकडं. मला काही बसवेना. मी गोठ्यापासून फाटकापर्यंत आणि फाटकापासून गोठ्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते. मध्येच वाकून म्हशीच्या मागं बघत होते, घड्याळ बघत होते, परत वाकत होते. पालक शाळेच्या दारात येऊन उभे राहायची वेळ झाली होती आणि माझ्या मोबाईलची बॅटरी संपली होती.

शेवटी बसच्या ड्रायव्हरला, कडूबांना, शाळेत फोन लावायला सांगितलं. रेंज फक्त भिंतीवर चढल्यावर मिळत होती. ते भिंतीवरून ओरडले, "डिलिव्हरी अडकलीय, मॅडम इथंच थांबल्यात!" तिकडं शिपायानं एवढंच ऐकलं आणि फोन कटला.

इकडं आमरीन उठून उभी राहिली. ही पोरगी वर्गात फारशी बोलत नाही.

"मॅडम, आपण बघतोय ते तिला आवडत असेल का?"

मी वाकले होते ती सरळ झाले. आमरीन म्हणाली, तिची खाला, म्हणजे मावशी, बाळंत झाली तेव्हा खालूंना, तिच्या नवऱ्यालासुद्धा, आत येऊ दिलं नव्हतं, आणि इथं तर अख्खी सातवी बसलीय. राजनंदिनीचा चेहरा पडला. सहल तिच्या शब्दावर निघाली होती. आता न बघताच परत जायचं का, असं एक-दोघांनी कुरकुरत विचारलं. बराच वाद झाला. मग राजनंदिनीनंच पहिला हात वर केला, आणि सगळ्यांनी कडब्याच्या गंजीमागं जाऊन बसायचं ठरलं.

माझा ऊर भरून आला. अशी मुलं घडवायची म्हणून तर मी या धंद्यात आले. पण खरं सांगायचं तर बघायची सगळ्यात जास्त हौस मलाच होती. मी म्हणाले, जबाबदार व्यक्ती म्हणून मी इथं थांबते.

"जा बाई तुम्ही," वच्छलाबाई म्हणाल्या. "पोरं कवाची गप हायती. सकाळपासून म्हैस तुम्हालाच बुजायलीय."

मी गंजीमागं गेले. तासाभरानं फाटकाशी रिक्षा थांबली. आतून माझा नवरा फारूख धावत आला. छावणीतलं कपबश्यांचं दुकान तसंच उघडं टाकून आला होता. मागून सासूबाई, काखेत दुलई आणि हातात थर्मास. आणि त्यांच्या मागं सत्यभामाबाई. फारूखला धाप लागली होती. "कुठंय ती?" एवढंच त्यानं विचारलं.

"झाली मोकळी," गोठ्यातून वच्छलाबाईंचा आवाज आला. "पारडी हाय. दोघी बी चांगल्या हायती."

फारूख भिंत धरून खाली बसला. आमची थोरली इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे.

मी गंजीमागून बाहेर आले, केसांत कडबा. सासूबाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, परत एकदा बघितलं आणि डोळ्यांना पदर लावला. "क्या बहू, मेरे कू तो बतानाच था ना."

सगळं समजावून सांगेपर्यंत माझा घसा बसला. फारूख दुकान बंद करायला सांगायला फोन घेऊन भिंतीवर चढला. सासूबाईंनी मात्र, आणलीच आहे तर, म्हणून दुलई पारडीच्या अंगावर घातली. म्हैस तिला दुलईवरूनच चाटत होती. पोरं लांबून, एकमेकांच्या खांद्यावरून बघत होती. तेवढं बघायला म्हशीची हरकत दिसली नाही.

परतताना बसमध्ये मी चार शब्द बोलायला उभी राहिले. म्हणजे आज आपण काय शिकलो, वगैरे. पण मागच्या सीटवर डोकी आधीच एकत्र आली होती. राजनंदिनी उठून पुढं आली. पुढच्या वर्षीची सहलही वर्गच ठरवणार, असं त्यांचं एकमतानं ठरलं होतं. फक्त सोबत येणाऱ्या मॅडम एका जागी बसू शकणाऱ्या हव्यात.

"वाईट वाटून घेऊ नका, मॅडम," ती म्हणाली. "सत्यभामा मॅडमना मघाशीच विचारलं आम्ही. त्या तयार आहेत."