काल्याच्या सकाळची कॉफी

या मंडळी, अशी पुढे सरकून बसा. भिंतीला पाठ लावून ऐकायची ही गोष्ट नाही. टाळ मांडीवर ठेवा, मोबाइल खिशात घाला, अन् कान इकडे द्या. पेलाभर कॉफीनं अख्खं गाव कसं रडलं, ते सांगतो. पांडुरंगासमोर बसून सांगतोय, तेव्हा पदरचं काही घालणार नाही.

ओझरहून तासाभराच्या वाटेवरचं गाव. कार्तिकाचा महिनाभराचा काकडा संपत आलेला, दुसऱ्या दिवशी बुवांचं काल्याचं कीर्तन. पारावर गोरक्ष छाती काढून सांगत होता, "उद्या बुवांना कॉफी मी पाजणार! देवळामागच्या शेकोटीवर! कच्च्या बिया भाजून, कुटून, उकळून! पुडी फोडून कोणीबी करतं!"

गोरक्ष तीस वर्षं विमान कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यापासून गावात कुणाची मोटर बिघडली, की बोलावण्याआधी हा हजर. अन् हा गेला, की मोटर दुरुस्त करणारा खरा मेकॅनिक हजर! पुतण्या योगेशनं कर्नाटकातून कॉफीच्या कच्च्या बियांची पिशवी आणली होती. कोण एक दाढीवाला डोंगरात जाळ पेटवून त्या बिया भाजतो, हे गोरक्षनं मोबाइलवर तीनदा पाहिलं. तेवढ्यावर त्याचं शिक्षण पूर्ण!

कॉफीच का? तर बुवांनी बारा वर्षांपूर्वी चहा सोडलेला. जातील तिथं लोक भक्तिभावानं दूध देतात, अन् दुधानं घसा चिकटतो. उद्या बुवांचा घसा खणखणीतच हवा होता, कारण उद्याचं कीर्तन झुंबरच्या नावानं होतं.

झुंबर गावचा पखवाजी, गोरक्षचा जिवाचा मित्र. पंचवीस वर्षं तो बुवांच्या कीर्तनात पखवाज गळ्यात अडकवून उभा राहिला. गेल्या वर्षीच्या आषाढात गेला, तेव्हा पूल पाण्याखाली होता. बुवा पोचले नाहीत, कळवणचे भाऊबंद पोचले नाहीत, निम्मं गाव मळ्यांत अडकलेलं. चौघांनी उचलला. त्यातला एक गोरक्ष. तेव्हापासून झुंबरची बायको सिंधुबाई एकच म्हणायची, "भाऊजी, चौघांत गेला हो माझा माणूस. एकदा गावासमोर बुवांच्या तोंडून त्याचं नाव निघू द्या. मग मी मोकळी." वर्षभर थांबून तिनं ही तारीख मिळवली होती.

सकाळ उजाडली. महिनाभर पहाटे गार पाण्याच्या आंघोळी करून गोरक्षचं नाक असं चोंदलेलं, की त्याच्यापुढं अत्तर अन् रॉकेल एकाच मापात! तरी गडी शेकोटीपुढं विमान उडवायच्या थाटात बसला. बिडाची कढई तीन दगडांवर ठेवली, बिया ओतल्या, उलथणं फिरवू लागला.

"गोरक्षनाना, हुलगे भाजू राहिले का?" एकानं विचारलं.

"हुलगे नाय, कॉफी हे ती!"

"मंग हिरवी काहून?"

"तू जन्मला तेव्हा काय मिशीसकट जन्मला होता का? थांब जरा!"

बिया पिवळ्या झाल्या. मग तपकिरी. मग तडतड फुटू लागल्या. गोरक्षला कोण आनंद! "हे बघा! फुटल्या! आता नुसत्या काळ्या होऊ द्यायच्या!"

एवढ्यात बुवांची गाडी वेशीत आली. स्वागताचा नारळ गोरक्षनंच द्यायचा होता! त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मांडवामागं गोजराबाई महाप्रसादाच्या आमटीची तयारी करत होती. गोजराबाई म्हणजे पंचक्रोशीतली मसालेवाली. तिच्या काळ्या मसाल्याशिवाय तिथल्या लग्नाची पंगत उठत नाही.

"मावशी, एवढं हलवत राहा. चांगलं काळं होऊ द्या, अन् बारीक कुटून ठेवा! मी आलोच!"

"जाय बाबा, मला नको शिकवू," गोजराबाई म्हणाली.

आता मंडळी, खरं सांगा, तिचं काय चुकलं? सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्या बाईनं काळं होईस्तोवर भाजलं ते फक्त मसाल्याचं सामान. धुरात डोळे बारीक करून तिनं कढईत डोकावलं. "अग बाई! ह्या मेल्यानं नुसतं धणंच टाकलं वाटतं, अन् तेबी करपवलं!" तिला दया आली. पळीभर तेल सोडलं. पसाभर लाल मिरच्या टाकल्या. दगडफूल, लवंगा, चार मिरे. झकास काळं केलं, खलबत्त्यात घातलं, अन् असं कुटलं की पावडर बोटाला लागावी तर काजळासारखी!

गोरक्ष परतला, तो पावडर तयार. "वा मावशी! काय रंग आलाय!" नाक बंद, म्हणून वासाचा प्रश्नच नव्हता. पातेल्यात पाणी उकळलं, चार मुठी पावडर टाकली, गूळ घातला, फडक्यानं गाळली, अन् पितळी पेला घेऊन स्वारी मांडवात.

बुवा नुकतेच टेकले होते. शेजारी सिंधुबाई डोक्यावरून पदर घेऊन हात जोडून बसलेली.

"बुवा, घ्या. झुंबरच्या नावानं केली. माझ्या हातानं."

बुवा देवमाणूस. पहिल्या घोटाला त्यांच्या भुवया वर गेल्या. दुसऱ्याला कान लाल झाले. पण समोर सिंधुबाई, अन् झुंबरचं नाव! बुवांनी डोळे मिटून सगळा पेला रिता केला. विष पचवणाऱ्या शंकराचं चित्र आपण पाहतो ना, ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं!

"कशी झाली?" गोरक्षनं विचारलं.

बुवांनी तोंड उघडलं. आवाज आला, तो गंजलेल्या कडीचा. "क... क... कडक." अन् जो ठसका लागला! वीणेकऱ्यानं वीणा सांभाळावी की बुवांना, त्याला कळेना.

गोरक्ष धावत मागं आला. "मावशी! काय घातलं त्याच्यात?"

"काय म्हंजे? मिरची! मिरचीबिगर मसाला होतो का कुठं?"

"मसाला? अहो, कॉफी होती ती!"

"मंग तसं बोलायचं! मी म्हनलं, हा मेला धणं जाळू राहिला!"

गोरक्षनं खलबत्त्याकडं पाहिलं. उरलेली पावडर कुणी पाहिली तर गावात तोंड दाखवायची सोय नाही! तीस वर्षांच्या अनुभवाचा फिटर, त्यानं क्षणात उपाय काढला. खलबत्ता उचलला अन् सगळा माल शेकोटीत उपडा केला!

देवा रे देवा! धगधगत्या निखाऱ्यांवर पसाभर कुटलेली मिरची! भस्सकन काळाभोर लोट उठला, घटकाभर जागीच घुमला, अन् वाऱ्यानं उचलून सरळ मांडवात नेऊन सोडला.

मांडवात बुवा उभे राहिले होते. घशाशी हात धरून म्हणाले, "झ... झुं..." पुढं काही निघेना. तोच धूर आला. पुढच्या रांगेतले टाळकरी शिंकले. बायकांचे पदर डोळ्यांना गेले. म्हातारेकोतारे हुंदके द्यावेत तसे खोकू लागले. पाच मिनिटांत चारशे माणसांच्या डोळ्यांना धारा!

अन् नेमक्या त्याच वेळी कळवणच्या भाऊबंदांच्या दोन जीपगाड्या दारात उभ्या राहिल्या. धूर तोवर विरलेला. त्यांनी पाहिलं, तर बुवांच्या तोंडून शब्द फुटत नाही अन् सगळं गाव धाय मोकलून रडतंय!

"काय जीव होता हो गावाचा झुंबरवर!" म्हणत मोठी जाऊ सिंधुबाईच्या गळ्यात पडली. पुलाचं पाणी उतरल्यावरही ही बाई कधी आली नव्हती. आता ती खरीखुरी रडत होती. योगेशनं मोबाइलवर सगळं टिपलं. संध्याकाळपर्यंत ते तालुकाभर फिरलं: बुवांचा कंठ दाटला, कीर्तन अश्रूंत बुडालं!

खरं म्हणजे कीर्तन झालंच नाही. बुवांनी खुणेनंच दहीहंडी फोडायला लावली, काला वाटला, सिंधुबाईपुढं हात जोडले अन् मध चाटत गाडीत बसले.

दुपारी मांडव रिकामा झाला. गोरक्ष विझलेल्या शेकोटीशी बसला होता. सिंधुबाई येऊन समोर टेकली.

"वहिनी," तो म्हणाला, "एक सांगायचंय. ते लोक रडले ना, ते..."

"मला मिरची कळत नाय का भाऊजी? उभा जन्म चुलीपुढं गेला."

गोरक्ष रिकामी कढई पुसू लागला.

"जाऊबाईला सांगू नका. ती एकटीच त्याच्यासाठी रडली. तिला कळलं, तर तेवढंबी माघारी घेईल." तिनं काडीनं विझलेली राख उकरली. मग म्हणाली, "नाव तेवढं राहिलं बघा. अर्धंच निघालं."

बुवांची पुढची तारीख आता दोन वर्षांनी आहे.

तर मंडळी, उठण्याआधी एवढं करा. झुंबर पखवाजी, असं एकदा पुरतं नाव घ्या. डोळ्यांत पाणी आलं नाही तरी चालेल. ज्यांच्या आलं होतं, त्यांच्यातलं एकीचं सोडलं, तर बाकीचं मिरचीचं होतं.