मिरवणुकीला लाल स्प्रिंग

"यात विचार करण्यासारखं काही नाही, बाबा. लाल!" शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये थोराने निकाल देऊन टाकला.

तिचे वडील ओर्व्हल बाथरूममधला वजनकाटा फळीवर ठेवून त्यावर एकेक स्प्रिंग दाबून पाहत होते. वाळूच्या टेकड्यांवर पळवायच्या त्यांच्या उघड्या, दोन सीटांच्या गाडीला नवे मोठे टायर आले होते. टायर मोठे, म्हणजे क्लचमधली स्प्रिंग बदलणं आलं. स्प्रिंग मऊ असली की गाडी मुंगीच्या पावलांनीही निघते. कडक असली की इंजिन चांगलं जोरात फिरल्याशिवाय जागची हलत नाही, आणि हलली की मग थांबत नाही.

"मोठे टायर, उंच टेकडी, तर सर्वांत कडक, म्हणजे लाल. छापलंय स्प्रिंगच्या तक्त्यात!" गावच्या ग्रंथालयात वीस वर्षं काढल्यामुळे छापलेल्या गोष्टीवर तिचा भारी विश्वास.

"आणि हळू जायचं झालं तर?"

"तुम्ही? हळू?"

ते इतके हसले की वजनकाट्याची सुई थरथरली. "बरं पोरी, सोमवारी ठरवू."

रविवारी पहाटे ते झोपेतच गेले.

मागे एक चिठ्ठी निघाली. राख मोठ्या टेकडीच्या माथ्यावर सोडावी, याच गाडीतून न्यावी, आणि गाडी थोराने चालवावी. थोराने! जी जन्मभर शेजारच्या सीटवर बसली होती! तिने आठवडाभर तक्ता वाचला, बोटं सोलून घेतली आणि लाल स्प्रिंग स्वतःच्या हाताने बसवली. बाबांना माथ्यावर पोचवायचं, आणि तेही शोभेल असं. दुसरं काही तिला नको होतं.

राख सोडायच्या दिवशी सगळे पायी निघाले. पुढे पास्टर हॅगन स्तोत्र म्हणत, त्यांच्या शेजारी ओव्हनमधून काढलेल्या बटाट्याच्या केसरोलचं भांडं कवटाळून व्हर्ना आत्या, आणि त्यांच्या पाठोपाठ गाडीत थोरा. शेजारच्या सीटवर पट्टा लावलेली राखेची पेटी.

थोराने पॅडल हलकेच दाबलं. इंजिन गुरगुरलं. गाडी ढिम्म! आणखी दाबलं. इंजिन किंचाळलं आणि गाडीने अशी उडी घेतली, जणू कुणी मागून चिमटा काढला! पास्टर स्तोत्रासकट झुडपात.

"माफ करा, पास्टर!"

"देव करेल," झुडूप म्हणालं.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच, आणि तिसऱ्यांदा व्हर्ना आत्याच्या हातचं भांडं वाळूत गेलं.

"अगं, ओर्व्हलच्या सोबतीला आम्हा सगळ्यांना धाडतेस की काय?"

बाबांचा जुना दोस्त ड्वेन गाडीशी येऊन वाकला. "कुठली घातलीस?"

"लाल."

"मयताच्या मिरवणुकीला लाल? अगं, हिला चालणं ठाऊकच नाही!"

"तक्त्यात..."

"तक्त्यात टेकडी असते, पास्टर नसतात!"

थोराचे डोळे भरून आले. तीन आठवडे ती कुणापुढे रडली नव्हती. आता क्लचवरून रडायची वेळ आली होती.

ड्वेनने टोपी काढली. "रडू नकोस, पोरी. हळू जमत नाही ना? मग पळव! बाजूला व्हा रे सगळे!"

पास्टर सगळ्यांच्या आधी बाजूला झाले.

तिने पॅडल तळाला टेकवलं. वाळू मागे कारंज्यासारखी उडाली. चढ अंगावर आला, आभाळ काचेत शिरलं, नवे टायर वाळूला चावत राहिले. खालून कुणीतरी शिट्ट्या मारत होतं. बहुधा व्हर्ना आत्याच! आणि एकदम समोर चढ उरला नाही.

माथा. तिने इंजिन बंद केलं. पेटी पट्ट्यात जशीच्या तशी. वारा होता, आणि दूरवर आयडाहोची बटाट्याची शेतं हिरवीगार.

थोरा हसत होती. खालच्यांशी बोलायचा गाडीतला रेडिओ बंद असल्याचं तिने दोनदा पाहिलं, पेटीचं झाकण उघडलं आणि मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमच्यासोबत कुणीतरी हवं म्हणून या गाडीत बसते, असं मी तीस वर्षं सांगत आले. साफ खोटं हो! मला आवडायचं!"