लेकीला नावं ठेवणारे यशवंतभाऊ

आमच्या शेजारचे यशवंतभाऊ एखाद्या वस्तूला नावं ठेवू लागले, की ती उत्तम आहे असं पोलादपुरात खुशाल समजावं. त्यांनी नवी मोटारसायकल घेतली तेव्हा मी पेढे मागायला गेलो. "पेढे कसले, शेठ? भंगार हाय ती. आंबेनळी घाटात ढकलायची," म्हणाले, आणि बोलता बोलता बाहीने तिचा आरसा पुसत राहिले. परसातल्या फणसाला "निस्ता चीक हाय" म्हणाले, म्हणून मी लगेच मागून आणला. असा रसाळ फणस जन्मात खाल्ला नाही.

कारण एकच, नजर. चांगलं म्हटलं की दृष्ट लागते, आणि भाऊंच्या मते सगळ्यात आधी आईबापाची लागते. महाडच्या एमआयडीसीत ॲसिडच्या पिंपांना न घाबरणारा हा माणूस कौतुकाच्या एका शब्दाला टरकतो.

त्यांची सायली दहावीत आहे. कबड्डीत ती चढाईला निघाली की समोरच्या पोरी मागे सरकतात. आणि भाऊ तिच्या तोंडावर म्हणणार, "हिला काय जमतंय? पळपुटी हाय." त्याचा अर्थ आम्हाला कळायचा, पण सायलीला तो कोण सांगणार?

तालुक्याच्या संघात तिचं नाव आलं आणि तिने सरांना नाही म्हणून टाकलं. माझ्या बायकोने विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "काकी, मला नाय जमायचं. बाबांना ठावं हाय, म्हणून तर बोलतात."

मी दुकान तसंच टाकून शेजारी गेलो. रागच आला होता. म्हटलं, "भाऊ, फणसाला कान नसतात. पोरीला असतात."

भाऊंचा चेहरा पडला. "पन सगळ्या गावाला कळतं. तिला नाय कळत?"

दुसऱ्या दिवशी सामना महाडला होता. सरांनी तिची जागा ठेवली होती. सकाळी जीप दारात येऊन हॉर्न वाजवू लागली, सगळी आळी गोळा झाली, पण सायली उंबऱ्याबाहेर येईना. भाऊ रात्रपाळीवरून नुकतेच आले होते. हेल्मेटसुद्धा न काढता ते अंगणात उभे राहिले आणि घसा फाटेस्तोवर ओरडले, "सायले, तू लय भारी खेळतेस गो. मी बघतो ना, शाळेच्या भिंतीमागनं. रोज बघतो."

बोलून गेले खरे. काय करून बसलो, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

सायली दारात आली, बापाकडे बघितलं आणि आत पळाली. आली ती मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन. त्यांच्या हातात ठेवल्या, म्हणाली, "काढा दृष्ट. मग जाते," आणि समोर मान वाकवून उभी राहिली.

भाऊंनी मूठ ओवाळायला सुरुवात केली. आल्यागेल्याची, कुणाकुणाची, असं पुटपुटायचं असतं. भाऊ पुटपुटत होते, "चढाई चांगली... पकड चांगली... माझी पोर चांगली..." इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर येत होतं. जीपवाला हॉर्न वाजवून दमला. मूठ थांबली.

सायलीने मान वर केली नाही. हळूच म्हणाली, "बाबा, अजून एकदा."