सर्व्हरची दुपारची झोप

"माझा सर्व्हर दहा दिवस हूं की चूं करणार नाही!" बसवेशनं हे इतक्या थाटात सांगितलं, की त्याच्या बायकोनं, भुवनेश्वरीनं, भरायला काढलेली बॅग परत कपाटावर ठेवली.

ऑफिसनं त्याला पुण्याला परत बोलावलं होतं. पण त्याचे वडील, आप्पा, सोलापूर सोडून हलायचे नाहीत, आणि त्यांना एकटं टाकून जायला याचा पाय निघेना! म्हणून पठ्ठ्यानं रजा टाकली, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स नावाची प्रणाली चढवली, चार हार्डडिस्क जोडल्या आणि एका क्रिप्टो नेटवर्कला त्यातली जागा वापरायला दिली. अट एकच, आधी दहा दिवस सलग चालवून दाखवायचं. पास झालं तर घरबसल्या कमाई, नापास झालं तर पुणं!

"दहा दिवस? दम न खाता?" आप्पांनी चष्मा वर केला. आप्पा, म्हणजे शंकरप्पा, तीस वर्षं चादरीच्या कारखान्यात माग चालवलेला माणूस.

"लिनक्स हाय आप्पा. वर्षवर्ष बंद पडत न्हाय!"

दुसऱ्याच दुपारी बंद पडलं. दीड ते अडीच. मोजणी पुन्हा पहिल्यापासून! तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशी तेच. बसवेशनं वायर बदलली, बोर्ड बदलला, वायरमनशी भांडला. "लाईट गेलीच न्हाय की साहेब!" वायरमन म्हणाला. इंटरनेटवर ब्राझीलच्या एका भल्या माणसानं सांगितलं म्हणून लिनक्स पुसून परत टाकलं. दीड वाजता ढिम्म!

दीड वाजता बसवेश जेवून झोपलेला असायचा. सोलापूरच्या उन्हात दुसरं करणार काय? त्या दिवशी मात्र त्यानं झोपेचं सोंग घेतलं.

आप्पा चोरपावलांनी आले. बटण दाबलं, मशीनवर ओला पंचा टाकला आणि पुटपुटले, "दमलास की रे. घे, घटकाभर पड."

"आप्पा!"

आप्पा दचकले. "अरे, हात लावून बघ की, किती तापलंय! माग तापला की आमी थांबवायचो. न्हायतर मोटार जळते."

"आप्पा, हे थांबलं की मला पुण्याला जावं लागतंय."

आप्पांनी घाईघाईनं पंचा उचलला आणि बटण परत दाबलं. "आदी सांगायचं न्हाय व्हय रे..."

रजेचे नेमके दहा दिवस उरले होते. आप्पांनी मशीनशेजारी खुर्ची टाकली. पंखा मशीनला, घाम आप्पांना! फ्यूज उडेल म्हणून मिक्सरवर बंदी आली, आणि भुवनेश्वरी बिचारी शेंगाचटणी खलबत्त्यात कुटत बसली.

दहाव्या दुपारी मशीन झकास घुमत होतं, पण पडद्यावर लाल अक्षरं: नेटवर्कशी संपर्क नाही! बसवेश धावला. खिडकीतला इंटरनेटचा राऊटर बंद, आणि वर ओला रुमाल!

"आप्पा, हा का बंद केला?"

"त्याचं नाव तू कुटं घेतलं होतंस? बारकं हाय ते. डोळे मिचकावत बसलं होतं. म्हटलं, त्याला तरी झोपू दे!"

बसवेशनं कपाळावर हात मारला, आणि मग त्याला जे हसू फुटलं ते थांबेचना. त्यानं ऑफिसात हातापाया पडून आणखी दहा दिवस रजा मिळवली.

"म्हंजे," आप्पांनी हळूच विचारलं, "अजून दहा दिवस तू हितंच की?"

"व्हय."

"मग तोंड कशाला पाडतोस?" आप्पांचा चेहरा लई दिवसांनी खुलला होता.

बसवेशनं साऱ्या बटणांवर चिकटपट्टी लावली आणि आप्पांच्या शेजारी चटई टाकली. "पहाऱ्याला," असं त्यानं भुवनेश्वरीला ठणकावून सांगितलं. पाच मिनिटांत बाप-लेक दोघंही घोरायला लागले. जागं होतं ते फक्त मशीन!