एका चांगल्या कॅफेचं संरक्षण

एखादा समाज किती सुधारलेला आहे हे त्याच्या दवाखान्यांवरून किंवा ग्रंथालयांवरून ठरत नाही. घरी पाहुणे येणार असं कळल्यावर त्या समाजातला कर्ता पुरुष निसटून कुठे जाऊन बसतो, यावरून ते ठरतं. या कसोटीवर आमची वसाहत बरीच वर्षं नापास होत होती. निसटायची इच्छा घरोघरी होती, जागा मात्र नव्हती.

वसाहत शांत आहे. (कुत्रा भुंकला तर त्याच्या मालकाला सात घरांतून फोन जातात, आणि फोन फार वेळ वाजतो म्हणून आठव्या घरातून.) रस्ते रुंद, झाडं छाटलेली, फाटकं तेलपाणी केलेली. औषधांची दुकानं तर इतकी की आजारी पडायला माणसं पुरत नाहीत. पण सुखाने बसून एक कप कॉफी प्यावी असं ठिकाण आहे का, अशी पाहणी केली तेव्हा शंभरपैकी एकशे चार घरांनी 'नाही' असं सांगितलं. (चार घरांत पाहणी दोनदा झाली, कारण पहिल्या वेळी तिथे बिस्किटं मिळाली होती.)

सबब, मंडळ स्थापन झालं. सुकॅफे शोध व संरक्षण मंडळ. अध्यक्ष दंतवैद्य, कारण त्यांच्यासमोर कोणी उलट बोलत नाही. सदस्य गणिताचे निवृत्त सर आणि माझे थोरले साडू. चिटणीस प्रस्तुत लेखक. आमच्या हिने स्थापनेच्या दिवशीच विचारलं, "घरात कॉफी आहे, कप आहेत, खुर्ची आहे. शोधताय काय नेमकं?" हा प्रश्न मंडळाच्या कार्यकक्षेत येत नसल्याने त्याची नोंद घेण्यात आली नाही.

शोधकार्याचा तपशील देऊन वाचकांना शिणवत नाही. पहिल्या कॅफेत छतापासून टेबलापर्यंत दिवे लोंबत होते आणि तरी कपात काय आहे ते दिसत नव्हतं. कॉफी लाकडी फळीवर आली, सोबत एक छोटं झाडही आलं. झाड परत द्यायचं असतं हे साडूंना ठाऊक नव्हतं, त्यामुळे थोडी बाचाबाची झाली. दुसऱ्या ठिकाणी संगीत इतकं मोठं होतं की सरांनी 'साखर कमी' असं चार वेळा ओरडून सांगितलं आणि शेवटी चार कॉफ्या आल्या. दोन्ही जागा नामंजूर झाल्या.

खरा शोध लागला तो दंतवैद्यांना, आणि तोही सगळ्या मोठ्या शोधांप्रमाणे चुकून. मागच्या गल्लीत एका रुग्णाचं घर शोधत ते एका ओसरीवर चढले, चपला काढल्या आणि आत जाऊन म्हणाले, "कोणाची दाढ?" आत एक बाई कॉफी गाळत होत्या. त्या म्हणाल्या, "दाढ नाही, केक आहे. लिंबाचा. बसा ना."

या ताईंचा कॅफे म्हणजे घराच्या पुढची एक खोली. टेबलं पाच, खुर्च्या चार प्रकारच्या, त्यातली एक डुगडुगणारी, तिच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी. कॉफी कडकडीत गरम. केकचा तुकडा असा की कापणाऱ्याचा हात सढळ आहे हे लांबून कळावं. संगीत नाही. ताई येऊन टेकायच्या, "काय म्हणतो गुडघा?" असं विचारायच्या आणि उत्तर ऐकूनही घ्यायच्या. (आमच्या घरी गुडघ्याचा विषय काढायला बंदी आहे.) खरं सांगतो, पहिल्या दिवशी त्या डुगडुगत्या खुर्चीवर बसून मला इतकं बरं वाटलं की मी चष्मा तिथेच विसरून आलो.

आमची चांगली ओळख झाल्यावर एकदा ताईंनी सगळं मोकळेपणाने सांगितलं. खोली त्यांच्या थोरल्या दिरांची. "वर्ष संपेपर्यंत चालवून बघ, नाही जमलं तर रिकामी कर," असं दिरांनी बजावलेलं. त्यांना ती एका औषधवाल्याला द्यायची होती.

"ही खोली गेली की मी परत वरच्या स्वयंपाकघरात," ताई म्हणाल्या. "घरातल्या आठ माणसांचे डबे. कोणाला तिखट चालत नाही, कोणाला उशीर चालत नाही. वीस वर्षं केलं हो, भाऊ. माझ्या हातचं खाऊन चांगलं झालंय असं म्हणणारी माणसं मला इथे पहिल्यांदा भेटली. चार माणसं घेऊन या ना."

आमचं काळीज हललं. मंडळाची तातडीची सभा भरली आणि त्यात एकमताने ठरलं की, कोणालाही सांगायचं नाही.

वाचकांपैकी काही उतावळ्या मंडळींना यात विसंगती दिसेल. त्यांनी जरा दमाने घ्यावं. चांगला कॅफे म्हणजे काय? जिथे आपल्याला बसायला जागा मिळते तो. चार माणसं आणली की ती आणखी चार आणणार, ती त्यांच्या सासुरवाडीला आणणार, मग दाराशी गाड्या, मग दिवे लोंबणार, मग फळीवर झाड. म्हणजे कॅफे चालला की तो चांगला राहत नाही. ताईंचा कॅफे चांगला राहावा अशी आमची मनापासून इच्छा होती. सबब, तो चालू नये यासाठी झटणं हे आमचं कर्तव्यच होतं. गणिताच्या सरांनी हे फळ्यावर मांडून दाखवलं आणि त्यांना कुठेही चूक सापडली नाही.

त्यानुसार नियम झाले. जाताना थेट न जाता औषधाच्या दुकानावरून वळसा घालून जावं. एका आठवड्यात एकाच सदस्याने जावं, म्हणजे नजरेत भरणार नाही. ताईंना भांडी घासायचा त्रास पडू नये म्हणून एकच कॉफी घ्यावी आणि ती पुरवून प्यावी. कोणी चांगल्या जागेबद्दल विचारलंच, तर लोंबत्या दिव्यांकडे बोट दाखवावं. (साडूंनी अशा प्रकारे स्वतःच्या व्याह्यांना तिकडे पाठवलं. त्यांनी झाडाचे पैसे भरले.)

सगळं सुरळीत चालू असताना संकट आलं. कोणी परगावचा माणूस वाट चुकून ताईंकडे जाऊन आला आणि त्याने फोनवरच्या नकाशात पाच तारे देऊन लिहिलं, 'लिंबाचा केक अप्रतिम. नक्की जा.' नक्की जा! माणसं किती बेजबाबदार असू शकतात, याचा हा नमुना. पुढच्या रविवारी तिथे तीन अनोळखी माणसं हसत बसलेली सरांनी डोळ्यांनी पाहिली. सर घरी येऊन जेवले नाहीत.

तेव्हा मंडळाने जो उपाय योजला, त्याला कामकाजात 'संरक्षक निंदा' असं म्हटलं आहे. प्रत्येक सदस्याने टोपणनावाने एक तारा द्यायचा आणि दोन ओळी वाईट लिहायच्या, म्हणजे बाहेरचे फिरकणार नाहीत. त्या दिवसापुरता आठवड्याचा नियम शिथिल करून हे काम आम्ही ताईंच्याच खिडकीजवळच्या टेबलावर बसून केलं, कारण आमच्यातल्या कोणाच्याच घरी इतकी शांतता नव्हती. दंतवैद्यांनी लिहिलं, 'कॉफी फार गरम. जीभ भाजली.' सरांनी लिहिलं, 'खुर्च्या एकासारखी एक नाही.' साडूंनी, 'केकचे तुकडे बेढब.' मी, 'मालकीणबाई उगाच गप्पा मारतात.' लिहिताना मला भरून आलं. तेवढ्यात ताई आल्या. "एवढं काय लिहिताय सगळे? घ्या, थोडा केक उरलाय, पैसे नकोत," म्हणाल्या. आम्ही घेतला. नाही म्हटलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं.

उपाय लागू पडला. अनोळखी माणसं आली तशी गेली.

महिन्याभराने माझी पाळी आली तेव्हा ताई हातात फोन घेऊन माझ्यासमोर बसल्या. डोळे सुजलेले होते.

"भाऊ, तुम्ही खोटं बोलणार नाही. कॉफी फार गरम असते का माझी?"

"छे, छे! कॉफी गरमच हवी."

"मग हे लोक असं का लिहितात? मी कोणाचं काय घोडं मारलंय? हे बघा, मी म्हणे उगाच गप्पा मारते. मला वाटायचं, माणूस एकटा बसलाय, दोन शब्द बोलावे."

त्या क्षणी खरं सांगून टाकावं असं मला फार वाटलं. परंतु ठरावाच्या गोपनीयतेचा प्रश्न होता, आणि अध्यक्षांची परवानगी नव्हती. "लोकांना काय हो, काहीही लिहितात. लक्ष देऊ नका," असं मी म्हणालो. नंतर मी फोन हातात घेऊन वाचला तेव्हा मात्र चक्रावलो. आमच्या निंदा चार. तिथे चाळीसच्या वर होत्या! 'ओसरीला पायरी उंच.' 'केक फार लिंबाचा.' 'शांतता जरा जास्तच.' एक तर अगदी जिव्हारी लागणारी: 'खिडकीजवळ एक गृहस्थ एकच कॉफी घेऊन बसतात ते उन्हं उतरली तरी उठत नाहीत. चष्माही विसरून जातात.' या शेवटच्या मजकुरात व्यक्तिगत रोख दिसत असल्याने मी फोन परत केला.

ताईंनी लक्ष दिलं. प्रामाणिक माणसांचं हेच चुकतं. कॉफी कोमट झाली. खुर्च्या गेल्या, एकसारखी प्लास्टिकची स्टुलं आली. केक पट्टी लावून कापल्यासारखा चौकोनी आणि लिंबू बेतानं. आणि ताई काउंटरमागे उभ्या राहून "अजून काही?" एवढंच विचारायला लागल्या. माझा गुडघा त्या आठवड्यात खरोखर सुजला होता. कोणी विचारलं नाही.

मंडळाची घोर निराशा झाली. "जागा बिघडली," दंतवैद्य म्हणाले, आणि त्यांनी प्रथमच स्वतःच्या नावाने, मनापासून एक तारा दिला. आम्ही जाणं कमी केलं. कमी म्हणजे, बंद.

वर्ष संपत आलं तशी दारावर पाटी लागली: 'रविवारी शेवटचा दिवस.' मंडळाने निरोपाला हजर राहायचं ठरवलं. एक हारही घेतला. गल्लीच्या तोंडाशी पोहोचलो आणि थबकलो. रांग! ओसरीवरून, फाटकातून, कोपऱ्यापर्यंत. सगळी वसाहत. कुत्र्याचा मालक, त्याला फोन करणारी आठही घरं, ती बिस्किटंवाली चार घरं. प्रत्येक जण शेजाऱ्याला बघून दचकत होता. "तुम्ही पण?" "मी तर पहिल्यापासून!" "मी कोणाला बोललो नाही हो कधी." "मी तरी कुठे! उलट वाईटच लिहून ठेवलं." रांगेत मध्यावर आमची ही होती, शेजारी तिची बहीण, म्हणजे साडूंची सौभाग्यवती. दोघी महिन्यातून एकदा सकाळी येत होत्या. चष्म्याबद्दल कोणी लिहिलं ते मला तिथे कळलं. दोघांनीही विषय काढला नाही.

ताईंनी त्या दिवशी कॉफी पूर्वीसारखी कडकडीत केली. हात चालत होता, पण रांग संपेना. शेवटी त्या गाळणं खाली ठेवून दारात आल्या आणि इतक्या माणसांकडे बघत राहिल्या.

"एवढे सगळे होतात?" त्या म्हणाल्या. "मग होतात कुठे?"

सर म्हणाले, "आम्हाला तुमची काळजी होती ताई." ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आत गेल्या आणि पुढच्या माणसाचा कप भरला. हार आम्ही काउंटरवर ठेवला.

आता तिथे औषधाचं दुकान आहे. चालत नाही, पण आहे. तिथे उभं राहिलं की वरच्या मजल्यावरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात, सकाळी आठ माणसांच्या, संध्याकाळी आठ माणसांच्या. या आवाजाबद्दल वसाहतीतून अद्याप एकही तक्रार आलेली नाही. मंडळाचा शोध सुरू आहे.

इथवर वाचून आपल्याला आमचा राग आला असेल. साहजिक आहे. परंतु वाचता वाचता आपल्यालाही एक जागा आठवली. छोटीशी, कोपऱ्यातली, आपल्याला फार आवडणारी. ती आपण अजून कोणालाही सांगितलेली नाही आणि आत्ताही सांगणार नाही. त्याबद्दल मंडळ आपलं अभिनंदन करत असून आपल्याला मानद सदस्यत्व देत आहे. वर्गणी नाही. तिथे शेवटचे कधी गेला होतात, तेही आम्ही विचारत नाही. फक्त निरोपाच्या दिवशी जरा लवकर या, रांग मोठी असते.